कोरियात घटस्फोट नाही

दिग्नाचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. ती गजर लावत नसे. समुद्रावरून होड्यांच्या इंजिनांचा आवाज येऊ लागला की उठायची, केसांना जुना टॉवेल गुंडाळायची आणि धुरीघराकडे चालू लागायची. आमच्या रोसारिओ गावात किनाऱ्याला लागून धुरीघरं ओळीने आहेत. जुनी माणसं अजून गावाला सालिनासच म्हणतात, आणि सालिनासचा धुरी दिलेला मासा मनिलाच्या बाजारात नाव सांगून विकला जातो.

मी धक्क्यावर टब ओढायचो. होडीतून उतरलेला मासा बर्फासकट टबात भरायचा आणि लोखंडी आकडा लावून वाळूतून धुरीघरापर्यंत ओढत न्यायचा. गुडघे गेले तेव्हा थांबलो. दिग्नाच्या पुढ्यात मी इतके टब ओतले आहेत की तिचं काम मला पाठ आहे. मासा धुवायचा, मिठाच्या पाण्यात मुरवायचा, बांबूच्या टोपलीत भरून उकळत्या काहिलीत बुडवायचा. डोळा पांढरा झाला की काढायचा. आधी काढला तर आत कच्चा राहतो, उशीर केला तर कातडी फाटते. मग निथळायचा, जाळीवर मांडायचा, आणि खाली लाकडाच्या भुशाचा धूर करायचा. मांडणं हेच खरं काम. मासा माशाला चिकटला की तिथे फिकट डाग राहतो आणि व्यापारी सगळी जाळी परत पाठवतो. दिग्नाची जाळी परत आलेली मी पाहिली नाही. मजुरी टोपलीवर मिळायची. नीट मांडल्याचं वेगळं काही मिळत नसे.

पंचविशीत ती कोरियात गेली होती. गावात एक बाई यायची, मुलींचे फोटो घ्यायची आणि तिकडच्या शेतकऱ्यांशी लग्नं जुळवायची. दिग्नाचं लग्न ओ सांग-चुल नावाच्या माणसाशी झालं. देगु शहराच्या बाहेर त्याची प्लास्टिकच्या छपराखालची खरबुजं होती. ती तिथे पाच हंगाम राबली.

"वाईट नव्हता गं," धुरीघरातल्या बायकांना ती सांगायची. "मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण माझ्याशी बोलायचा तो खरबुजांबद्दलच. मूल झालं नाही तेव्हा तेही बंद झालं."

मग सांग-चुलने तिकडच्या न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला. न्यायाधीशाने दिग्नाला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का. ती नाही म्हणाली. निकालाची प्रत हातात पडली आणि ती विमानाने परत आली. तिला वाटलं, संपलं.

आमच्या फिलिपिन्समध्ये घटस्फोट नाही. मुसलमानांना आहे, बाकीच्यांना नाही. हे दिग्नाला माहीत होतं. पण लग्न तिकडे झालं, मोडलंही तिकडे, त्यात इकडच्या कायद्याचा काय संबंध, असं तिला वाटलं. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांना तसंच वाटतं.

संबंध तिनेच लावून ठेवला होता. लग्नानंतर महिनाभरात ती सेऊलला आपल्या वकिलातीत गेली, रांगेत उभी राहिली आणि लग्नाची नोंद करून आली. तसा नियम आहे. तिच्याबरोबर गावातून गेलेली दुसरी एक मुलगी आळसाने वकिलातीत गेली नाही. तिचंही लग्न मोडलं, तीही परत आली. मनिलाच्या दप्तरात तिच्या नावापुढे काहीच नव्हतं. तिने सरळ चर्चमध्ये बँड लावून दुसरं लग्न केलं.

"मी एक दिवस सुट्टी काढून, बस बदलून गेले होते," दिग्ना म्हणायची. "खरबुजं उतरायचे दिवस होते, सासूची बोलणी खाल्ली. त्याचं हे फळ."

मेलचोर तिला भेटला तो भुशामुळे. तो होड्या बांधायचा. लाकूड रंधल्यावर पडलेला भुसा पोत्यात भरून धुरीघरांना विकायचा. दिग्नाने एकदा त्याचं पोतं उघडलं, मूठभर भुसा हातात चोळला, वास घेतला आणि पोतं त्याच्याकडे ढकललं.

"परत न्या हे. यात रंगवलेल्या लाकडाचा भुसा आहे."

"मूठभर असेल."

"मूठभर रंगाने टोपलीभर मासा कडू होतो. तुम्ही खाणार का तो?"

"तुम्ही वाढणार असाल तर खाईन," मेलचोर म्हणाला. बायका हसल्या. दिग्ना हसली नाही. पुढच्या वेळी त्याने भुसा चाळून आणला. मी स्वतः पाहिलं, पोत्यात एक ढलपी नव्हती. वर्षभराने ती त्याच्याकडे राहायला गेली.

तो विधुर होता, तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. लग्नाचं त्यानेच काढलं. दोघं नगरपालिकेत परवाना काढायला गेली. तिथल्या कारकुनाने मनिलाहून आलेला दाखला पुढे ठेवला. दिग्ना पांगानिबान, विवाहित, पतीचे नाव ओ सांग-चुल.

दिग्नाने कोरियाचा निकाल काढून दिला. कारकुनाने तो उलटा-सुलटा पाहिला.

"हे तिकडचं आहे," तो म्हणाला.

"न्यायाधीशाने लिहिलंय. खाली सही आहे."

"तिकडच्या न्यायाधीशाने."

"मग काय करू?"

"इकडच्या न्यायाधीशाकडून लिहून आणा, की तिकडच्याने लिहिलंय ते खरं आहे."

मेलचोर म्हणाला, "लग्नाची नोंद केली तेव्हा नाही कुणी न्यायाधीश मागितला. तेव्हा नुसता अर्ज चालला."

"काका, आत यायला दार असतं," कारकून म्हणाला. "बाहेर जायला आपल्याकडे दारच नाही. भिंत फोडावी लागते. पुढचे या."

त्या दिवसापासून धुरीघरात तिला 'मिसेस ओ' म्हणायला लागले. "मिसेस ओ, काहील उकळली!" "मिसेस ओ, नवऱ्याने खरबूज पाठवलं का?" ती चालवून घ्यायची. पण एकीने एकदा भांडणात वेगळंच काढलं. म्हणाली, एकाची बायको असून दुसऱ्याच्या घरात राहतेस, कायद्याने तुरुंग आहे त्याला. ते खोटं नव्हतं. आमच्याकडे विवाहित बाईने परपुरुषाबरोबर राहणं हा गुन्हा आहे, फिर्याद मात्र नवऱ्यानेच करायची असते. नवरा कोरियात खरबुजं पिकवत होता, त्याने दुसरं लग्नही केलं होतं. तो कशाला फिर्याद करतो? तरी दिग्ना दोन दिवस जेवली नाही.

"माझं काही नाही," मेलचोर मला म्हणाला. "मी म्हातारा होत चाललोय. छातीत भुसा भरलाय. उद्या गेलो तर ही माझी कोण? शेजारीण म्हणून उभी राहील मागे. तेवढं मला नकोय, सेवेरो."

म्हणून ते वकिलाकडे गेले. ॲटर्नी तिबायान. जीपनी गाड्यांच्या थांब्यामागे दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस. गुबगुबीत, घामेजलेला, बोलायला गोड माणूस. तो म्हणाला, सोपं आहे. परदेशी नवऱ्याने तिकडे घटस्फोट घेतला आणि त्याला परत लग्न करता येत असेल, तर आपली बाईही मोकळी होते. आपला कायदाच तसं म्हणतो. फक्त आपल्या न्यायालयाने तो निकाल मान्य केला पाहिजे.

"आणि हो," तो मेलचोरकडे पाहून म्हणाला, "तुम्ही न्यायालयात दिसू नका. सरकारी वकील विचारेल, हे कोण."

म्हणून तिच्याबरोबर मी जाऊ लागलो. मी निवृत्त, मला वेळ होता. मेलचोर यायचा, पण रस्त्यापलीकडे पेजेच्या गाडीवर बसून राहायचा. तासन् तास. एक वाटी पेज किती वेळ खाता येते ते त्याच्याकडून शिकावं.

अर्ज वर्तमानपत्रात छापावा लागला. कुणाची हरकत असेल तर कळवावी म्हणून. असं वर्तमानपत्र आमच्या गावात कुणी घेत नाही. छापण्याचे पैसे दिग्नाने धुरीघरातून काढले. पहाटेच्या पाळीबरोबर ती दुपारची पाळीही करू लागली. सकाळी मासा शिजवायचा, दुपारी धुरावर उभं राहायचं. दुपारचा धूर वेगळा असतो. वारा समुद्रावरून आत येतो आणि धूर खोलीत परत ढकलतो. डोळे लाल व्हायचे. तिने कुरकुर केली नाही, आणि मांडणीत फरक पडू दिला नाही. हे मी मुद्दाम सांगतो. दुप्पट काम करणारी माणसं पुष्कळ पाहिली, दुप्पट काम सारखंच करणारी थोडी.

पहिल्या सुनावणीला ती धुतलेला ब्लाउज घालून आली. केस दोनदा साबणाने धुतले होते. तरी आम्ही बाकावर बसलो तसा दारातला शिपाई नाक वर करून म्हणाला, "कुणी मासे आणलेत का आत?"

"मासे नाहीत," दिग्ना म्हणाली. "मीच आहे."

न्यायाधीश बाई होत्या, चष्म्याच्या, सर्दी झालेल्या. सरकारी वकील तरुण होता. त्याने दिग्नाला विचारलं, लग्न कधी, घटस्फोट कधी, मागणी कुणी केली. तिने नीट सांगितलं. मग म्हणाला, "सध्या कुठे राहता?"

"रोसारिओला."

"कुणाबरोबर?"

तिबायान उठला, हरकत घेतली. न्यायाधीश बाईंनी नाक पुसलं आणि प्रश्न वगळायला सांगितला. दिग्नाच्या कपाळावर घाम आला होता. खिडकीतून रस्त्यापलीकडचा मेलचोर दिसत होता. तो पेजेत चमचा फिरवत होता.

मग कायद्याची पाळी आली. मला हे तोवर माहीत नव्हतं. न्यायालयाला आपल्या देशाचा कायदा माहीत असतो, दुसऱ्या देशाचा माहीत नसतो. माहीत असला तरी नसतो. कोरियाचा कायदा काय आहे हे साक्षीपुराव्याने सिद्ध करावं लागतं, जसं एखाद्या भांडणात कुणी कुणाला आधी ढकललं हे सिद्ध करतात. तिबायानने कोरियाच्या दिवाणी कायद्याचं इंग्रजी पुस्तक आणलं होतं, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून छापून घेतलेलं, बाइंडिंग केलेलं, कडेला सोनेरी पट्टी. दिसायला देखणं. त्याने त्यातली पानं वाचून दाखवली. सरकारी वकिलाने वहीत काहीतरी लिहिलं, हरकत घेतली नाही. बाहेर आल्यावर तिबायानने आम्हाला गार नारळपाणी पाजलं. म्हणाला, झालं आपलं काम.

निकालाला वर्षाहून जास्त लागलं. मधे न्यायाधीश आजारी, मधे सरकारी वकील बदलीवर, मधे वादळ आलं आणि न्यायालयाच्या इमारतीत पाणी शिरलं. शेवटी तिबायानने बोलावलं. या वेळी गोड बोलला नाही. खुर्च्या पुढे केल्या आणि स्वतः उभा राहिला.

"फेटाळला," तो म्हणाला.

मेलचोर आमच्याबरोबर होता, ऑफिसात यायला त्याला बंदी नव्हती. तो म्हणाला, "का? कागद खोटा म्हणतात?"

"नाही. घटस्फोटाचा निकाल मानला त्यांनी. कायदा सिद्ध झाला नाही. मी दिलेल्या पुस्तकावर कोरियाच्या सरकारी अधिकाऱ्याचा सही-शिक्का नव्हता. कायदा ज्याच्या ताब्यात असतो त्याने प्रमाणित करावा लागतो."

"पुस्तक चुकीचं होतं का?"

"अक्षर न् अक्षर बरोबर होतं."

"मग?"

तिबायानने घाम पुसला. "परदेशी कायदा सिद्ध झाला नाही तर न्यायालय असं धरून चालतं, की तो आपल्यासारखाच आहे. आणि आपल्या कायद्यात घटस्फोट नाही. म्हणजे..." त्याने हात पसरले.

दिग्ना पहिल्यांदा बोलली. "म्हणजे कोरियात घटस्फोट नाही?"

"या न्यायालयापुरता, या खटल्यापुरता, नाही."

"सगळ्या कोरियात?"

"सगळ्या."

ती हसायला लागली. दमलेलं माणूस हसतं तसं, आवाज न करता, खांदे हलवत. मग थांबली आणि विचारलं, "मग सांग-चुलची दुसरी बायको काय करतेय तिथे?"

"ते मला विचारू नका," तिबायान म्हणाला. मग म्हणाला, "चूक माझी आहे. अर्ज परत करता येतो. माझी फी लागणार नाही. पण वर्तमानपत्र, न्यायालय, शिक्के, त्याला मी काही करू शकत नाही."

मी त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही. त्याने चूक कबूल केली, तेवढंही कुणी करत नाही. पण ते काम आत कच्चं राहिलेल्या माशासारखं होतं. वरून रंग आला होता. डोळा पांढरा झाला का, ते त्याने पाहिलं नाही.

त्यानंतर बराच काळ दिग्नाने विषय काढला नाही. दुपारची पाळी सोडली. मेलचोरने आग्रह केला नाही. त्याचा खोकला वाढला होता. होड्यांचं काम पुतण्या बघायचा, हा बाजूला बसून खिळे सरळ करायचा. मधे साथ आली, सगळं बंद झालं, धुरीघरंही. ती दोघं घरात समोरासमोर बसून राहिली. त्या दिवसांत कधीतरी मेलचोर तिला म्हणाला, "असू दे. मिसेस ओ म्हणूनच पुरतील तुला माझ्याशेजारी." तो चेष्टेत म्हणाला. तिला ते लागलं.

धुरीघर परत सुरू झालं. एका सकाळी मी तिथे बाकावर बसलो होतो. काम नसलं तरी मी जातो, घरी बसवत नाही. दिग्नाने फोन काढला आणि सांग-चुलचा जुना नंबर लावला. बायका जाळी सोडून भोवती आल्या. तिकडून बाईचा आवाज आला. दिग्ना कोरियन भाषेत बोलू लागली, अडखळत, कारण ती भाषा तिने कित्येक वर्षं तोंडात घेतली नव्हती. मधेच फोनवर हात ठेवून आम्हाला सांगायची.

"त्याची बायको आहे. व्हिएतनामची. हान नाव आहे तिचं."

मग परत बोलली. मग तिकडून खूप वेळ मोठ्याने आवाज येत राहिला.

"काय म्हणते?" बायकांनी विचारलं.

"म्हणते, तुझ्या देशात तू अजून त्याची बायको आहेस? मी म्हटलं, हो. म्हणते, मग मी कोण? रखेल?"

बायका ओरडल्या. एकजण म्हणाली, "सांग तिला, दोघी मिळून वाटून घ्या!"

दिग्नाने तिला हाताने गप्प केलं. परत फोनवर बोलली. या वेळी हळू. तिला काय हवंय ते सांगितलं: निकालाची नवी प्रमाणित प्रत, कायद्याची पानं सरकारी अधिकाऱ्याच्या सहीची, आणि दोन्हींवर तिकडच्या मंत्रालयाचा शिक्का. फोन ठेवल्यावर ती जाळीजवळ गेली आणि मासे उलटायला लागली.

"देते म्हणाली," ती शेवटी म्हणाली. "म्हणाली, खरबुजं संपू देत, मग त्याला ट्रकमध्ये घालून न्यायालयात नेते. त्याला चालतंय की नाही ते नंतर बघू. म्हणाली, दोन देशांत दोन बायका असलेला नवरा मला नको. तुझा तू सोडव, माझा मी ठेवते."

हानने शब्द पाळला. तिला काय काय करावं लागलं ते तिने नंतर फोनवर सांगितलं. देगुच्या न्यायालयात दोन चकरा. तिथल्या कारकुनाने विचारलं, पहिल्या बायकोसाठी दुसरी का धावते? ती म्हणाली, तुला काम करायचंय की गप्पा? कायद्याच्या पानांसाठी आगगाडीने राजधानीला जावं लागलं. पाकीट आलं तेव्हा त्यात कागदांबरोबर लाल मिरचीपुडीची पिशवी होती. मेलचोरने ती उघडून वास घेतला आणि अर्धा तास शिंकला.

दिग्नाने दुपारची पाळी परत धरली. आता ती पन्नाशीच्या जवळ होती. टोपली उचलताना एक हात कमरेवर जायचा. मी म्हटलं, थोडं कमी कर. ती म्हणाली, "काका, वर्तमानपत्रवाला कमी करणार आहे का?" पुन्हा अर्ज छापला. पुन्हा कुणी वाचला नाही. पुन्हा कुणाची हरकत आली नाही.

न्यायाधीश त्याच बाई होत्या. चष्मा जाड झाला होता. त्यांनी दिग्नाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही परत आलात."

"हो, बाई."

तिबायानने कागद पुढे केले. या वेळी बाइंडिंग नव्हतं, सोनेरी पट्टी नव्हती. चार साधी पानं, वर निळा शिक्का आणि दोरा ओवलेला. न्यायाधीश बाईंनी एक ओळ वाचली, बोट ठेवून.

"हेच वाक्य मागच्या वेळीही होतं," त्या म्हणाल्या.

"होतं, बाई," दिग्ना म्हणाली. "शिक्का नव्हता."

तिबायानने तिला कोपराने ढोसलं. न्यायाधीश बाईंनी मान वर केली. मला वाटलं आता काही बोलतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मला ते माहीत होतं. पण मला माहीत असून चालत नाही. तुम्हाला कळतंय का?"

"कळतं," दिग्ना म्हणाली. "पण मी दमले."

"मीही," त्या म्हणाल्या आणि सरकारी वकिलाकडे वळल्या. त्याची हरकत नव्हती.

निकाल बाजूने लागला. आम्हाला वाटलं आता झालं. झालं नव्हतं. निकालावर कुणी अपील करतंय का याची वाट पाहायची. मग निकाल अंतिम झाल्याचा दाखला घ्यायचा. तो न्यायालयाच्या शहरात नोंदवायचा. तिथून मनिलाला न्यायचा, जिथे तिचं कोरियातलं लग्न दप्तरात होतं. तिथले लोक जुना दाखला काढणार आणि त्याच्या समासात चार ओळी छापणार. एका खिडकीवर म्हणाले प्रत अस्पष्ट आहे. दुसऱ्या खिडकीवर म्हणाले शिक्का मधोमध हवा. दिग्ना दर वेळी पहाटेची पाळी उरकून जायची आणि दुपारच्या पाळीला परत यायची. ज्या दिवशी उशीर झाला त्या दिवशी मजुरी कापली गेली, आणि तिने ती मागितली नाही. काम झालं नव्हतं, म्हणाली.

अखेर दाखला आला. समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की अमुक न्यायालयाच्या अमुक निकालाने कोरियातला घटस्फोट मान्य केला आहे. मेलचोरने तो उन्हात धरून वाचला. चष्मा काढून परत वाचला.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच," दिग्ना म्हणाली.

परवान्यासाठी दोघं नगरपालिकेत गेली, आणि मी मागोमाग. तिथे कळलं की परवान्याआधी कुटुंबनियोजनाच्या वर्गाला बसावं लागतं. सगळ्यांना. वयाची सूट नाही. तेव्हा दोघं दवाखान्याच्या मागच्या खोलीत विशीतल्या जोडप्यांमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. नर्सने फळ्यावर चित्रं काढली, लाकडाच्या तुकड्यावर कंडोम चढवून दाखवला, मग एकेकाला विचारत आली.

"तुम्हाला किती मुलं हवीत, काका?"

"मुलं नकोत," मेलचोर म्हणाला. "गुडघे असतील तर द्या."

खोली हसली. नर्सही हसली आणि दोघांना प्रमाणपत्र दिलं.

मग खिडकीची रांग. दिग्नाच्या पुढे एक मुलगी होती, अठरा-वीसची, पोट दिसत होतं, हातात फोन. तिचा होणारा नवरा बाहेर मोटारसायकलवर झोपला होता. तिने मागे वळून वास घेतला, मग दिग्नाकडे पाहिलं.

"काकू, तुम्ही कुणाच्या लग्नाचं बघायला आलात?"

"माझ्या."

"अय्या! मग एवढा उशीर का केलात?"

दिग्नाने मेलचोरकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून खोकला दाबत होता.

"कागद यायचा होता गं," ती म्हणाली.

"मला पण कालच आला. फार वैताग देतात ना हे लोक?"

"देतात," दिग्ना म्हणाली.

खिडकीवर तोच कारकून होता, केस पांढरे झालेला. त्याने दाखला पाहिला, समास वाचला, शिक्का मारला. त्याला काही आठवलं नाही. पुढच्या आठवड्यात सोमवारी, नगरपालिकेतच, त्यांचं लग्न लागलं. आम्ही सगळ्यांनी पान्सितच्या शेवया खाल्ल्या.

परवान्याची फी मेलचोरने भरली, खिळे सरळ करून मिळालेल्या पैशांतून. ती त्याने दिग्नाला भरू दिली नाही. तिची इतक्या वर्षांच्या धुराची मजुरी आधीच खर्ची पडली होती. त्या पोरीमागे रांगेत उभं राहायच्या जागेसाठी, जिथे गावातली कुणीही मुलगी फुकट उभी राहते.